टेकडीवरून काय दिसतं

करंजवाडी, ता. कळंब
४ डिसेंबर २०२३

चि. ज्योतीराम,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र तसंच कपाटावर टाकू नकोस. थोडंच लिहिलंय.

भाऊबीजेला मी चुकले. तुझ्या घरात, तुझ्या लेकीसमोर, तुझ्या खिशातल्या माव्याच्या पुड्या काढून मी मोरीत ओतल्या. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाच्या खिशात हात घालायचा मला काय अधिकार? आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. तुझ्या चड्ड्या मी धुतल्या, म्हणून खिसा अजून माझाच असं वाटत राहिलं.

तू मला म्हणालास, "आधी आरशात स्वतःचे दात बघ. मिश्रीचा डबा पिशवीत घेऊन फिरतेस आणि मला शिकवतेस." मला राग आला नाही. राग यायला बोलणं खोटं असावं लागतं. वल्लभनगरच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघत बसले होते, तेव्हा हेच डोक्यात होतं. अंगणवाडीत तीस वर्षं बायांना सांगितलं, मिश्री लावू नका. सांगून घरी यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर शेजारच्या चतुराबाईबरोबर बसून आपणच दातांवरून बोट फिरवायचं.

तर आता मी तुला काही सांगणार नाही. एक विचारते फक्त. तुझ्या दिघीत घरामागं ती दत्तगडाची टेकडी आहे ना? सतरा वर्षं तू तिच्या पायथ्याशी राहतोस. मी आले की कपडे वाळत घालताना गॅलरीतून बघते. वर मंदिर आहे हे मला माहीत आहे. पण वरून काय दिसतं? एकदा सकाळचा जाऊन ये आणि मला लिही. माझ्या गुडघ्यांना ती चढण झेपायची नाही.

फोन करू नकोस. इकडं रेंजचा घोळ झालाय, बोललेलं अर्धं कळतं. पत्रच लिही.

ताई


दिघी
२४ डिसेंबर २०२३

ति. ताईस नमस्कार.

खरं सांगतो, उत्तर द्यायचं नव्हतं. निशिगंधानं पत्र वाचलं आणि "पप्पा, आत्याला टेकडी बघायचीये, जा ना" म्हणून मागं लागली. चाकणची कंपनीची गाडी भोसरीत सव्वासहाला येते, त्यामुळं फर्स्ट शिफ्टला काही जमत नाही. सेकंड शिफ्टचा आठवडा लागला तेव्हा गेलो.

अर्ध्यातच दम लागला. दगडावर हात टेकून उभा होतो. मागून एक पंचाहत्तरीचे आजोबा आले, काठी नाही काही नाही, मला ओलांडून पुढं गेले आणि वळून म्हणाले, "बसा की पाव्हणं. टेकडी कुटं पळून चाललीया?" लाज वाटली म्हणून वरपर्यंत गेलो.

आता वरून काय दिसतं ते. एका अंगाला मिलिटरीची जागा, सगळी झाडी, एवढी हिरवळ आपल्या शेजारी आहे हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या अंगाला भोसरीचे पत्रे, बिल्डिंगा, पाण्याच्या टाक्या. आळंदीकडं इंद्रायणीची बारीक रेघ. चाकण दिसत नाही, त्या बाजूला नुसतं धुरकट. आमचं घर वरून शोधायला पाच मिनिटं लागली. विजयश्रीनं वाळत घातलेल्या पिवळ्या चादरीवरून ओळखलं.

आणि ताई, हे सगळं तू मला चालायला लावायला करतेस हे मला कळत नाही असं समजू नकोस. मी प्रेसशॉपमध्ये काम करतो, पण डोकं मशीनमध्ये दिलेलं नाही.

ज्योतीराम


करंजवाडी
१७ जानेवारी २०२४

चि. ज्योती,

ओळखलंस. लहानपणी औषध गुळात घालून दिलं की तू गूळ चाटून गोळी थुंकायचास, ते विसरलेच होते मी.

तरी पण चादर वाचून इतकं बरं वाटलं. बार्शीला एक काम होतं, तीन-चार दिवस तिकडंच गेले. परत आले तर तुझं पत्र दाराच्या फटीत. चतुराबाई म्हणाली, वाचून दाखव. माझा घसा बसलाय, म्हणून नवी अंगणवाडीची मुलगी आहे मैत्री, तिनं वाचलं. चतुराबाईनं पिवळ्या चादरीचं दोनदा वाचायला लावलं. म्हणाली, "एवढ्या मोठ्या शहरात आपलं घर चादरीवरनं वळखायचं म्हंजे बग."

ते आजोबा कोण? त्यांचं गाव कुठलं? झाडी आहे म्हणतोस तर मोर असतील. पुढच्या वेळी बघ. अक्षर वाकडं आलंय, पडून लिहितेय. थंडी बाधली, बाकी काही नाही.

ताई


दिघी
१८ फेब्रुवारी २०२४

ति. ताई,

मोर आहेत. दिसले नाहीत, पण ओरडतात. एखाद्या बाईला कुणी मारतंय असा आवाज. पहिल्या दिवशी मी घाबरून उभा राहिलो होतो.

आजोबांचं नाव बबनराव. गाव विचारलंस, तर ते मूळचे इथलेच, दिघीचे. मी म्हटलं, "मग तुमची जमीन?" हात लांब करून त्यांनी ती झाडी दाखवली. "ती काय. माज्या आज्याच्या वक्ताला मिल्ट्रीत गेली. आमी रोज वर येतू आन् बगतू. लावायची न्हाई, काडायची न्हाई, नुसती बगायची." आणि हसले. उरलेल्या तुकड्यावर पोरांनी बिल्डिंग बांधली आहे, तिसऱ्या मजल्यावर राहतात, पण त्यांना लिफ्ट आवडत नाही.

परवाची गंमत सांगतो. वर पोचून बसलो तर बबनराव म्हणाले, "हाय का पुडी?" मी खिसे चाचपले. पँट बदलली होती, मावा जुन्या पँटमध्ये राहिला. म्हटलं, "तुमच्याकडं?" तर म्हणाले, "माजी सुनंनं घितली." दोघंही तसेच बसलो. पाच मिनिटांनी मी उठायला लागलो, तर म्हणाले, "बसा वो. न्हाई त्यातबी बसता येतं." तासभर बसलो. मोराच्या आवाजावरून पैज लावली, पुढचा कुठून ओरडतो याची. ते जिंकले.

मी मावा कमी केलाय असा अर्थ काढू नकोस. नुसतं काय घडलं ते सांगितलं.

तुझा घसा बसला होता तो बसलेलाच आहे का? दोन वेळा फोन लावला. उचलला नाहीस.

ज्योतीराम


दिघी
६ मार्च २०२४

ति. वन्संना विजयश्रीचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र यांना न सांगता लिहिते. यांनी तुम्हाला कळवलं नसणार. जानेवारीत कंपनीत तपासणी होती. दातांच्या डॉक्टरांनी सगळ्यांना तोंड उघडायला लावलं, आपलीच बोटं उभी धरून घालायला सांगितली. चांगल्या माणसाची तीन जातात. यांची दोनच गेली, तीही ओढून. डॉक्टर म्हणाले, आतून कातडं आखडलंय, मावा बंद केला नाही तर पुढं वाईट होऊ शकतं. हे कागद घडी करून यांनी गॅसच्या पुस्तकात लपवले होते, तिथं मला सापडले.

मग कळलं की हे दोन महिने भाकरी कुस्करून का खातात. मला म्हणायचे, दात दुखतो. पेरू आणला तर म्हणाले, नको, बी अडकतं. मी काही बोलले नाही. भाकरी पातळ करायला लागले, भाजी मऊ शिजवायला लागले. सकाळी उठायच्या आधी चप्पल दाराकडं तोंड करून ठेवते, एवढंच. पण आता माझ्यानं गप्प बसवत नाही, वन्सं. तुम्ही बोला त्यांच्याशी. भांडा, रागवा. तुम्ही आईच्या जागी आहात. तुमच्या पत्राची वाट बघतात, हे कबूल करत नाहीत, पण गाडीवरून उतरले की आधी खालची पेटी बघतात.

तुमची,
विजयश्री


करंजवाडी
१४ मार्च २०२४

चि. सौ. विजयश्रीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आता तुला जे लिहिते ते तुझ्याजवळ ठेव.

मला तोंडाचा कॅन्सर झालाय. गणपतीत गालाच्या आत फोड आला होता, मी हळद लावत राहिले. भाऊबीजेला तुमच्याकडं आले तेव्हा घास डाव्या बाजूला नेता येत नव्हता. ज्योतीच्या पुड्या मी मोरीत ओतल्या त्या त्याच भीतीनं. डिसेंबरात बार्शीच्या दवाखान्यात तुकडा काढून बघितला. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. डावीकडचा जबडा काढला, जिभेचाही भाग काढला. बोलते ते मलाच कळत नाही. रेंजचं मी खोटं लिहिलं होतं. मैत्री सुट्टी काढून माझ्याबरोबर दवाखान्यात राहिली. ना नात्याची, ना गोत्याची.

तू म्हणतेस, रागवा. मला रागवायला तोंड राहिलं नाही, पण असतं तरी रागावले नसते. माझं आजारपण त्याला कळलं तर तो भिऊन मावा सोडेलही. पण मग मी त्याची बहीण राहणार नाही गं, त्या भिंतीवरच्या फोटोतलं तोंड होईन. अंगणवाडीत तंबाखूच्या कॅन्सरचे ते फोटो मीच चिकटवायचे. त्यांच्याच खाली बसून बाया मिश्री लावायच्या. भीती दोन दिवस टिकते, तिसऱ्या दिवशी माणूस त्या फोटोकडं बघायचं सोडतो. त्यानं माझ्याकडं बघायचं सोडू नये.

तू चप्पल दाराकडं ठेवतेस ते वाचून मला रडू आलं. तीस वर्षांत मला जे जमलं नाही ते तू करतेस. तेच कर. आणि तो स्वतःहून दोन बोटांचं सांगेल तेव्हा त्याला "मला माहीत होतं" म्हणू नकोस.

त्याला इकडचं काही कळवू नको. तुला माझी शपथ.

इंदू


दिघी
९ एप्रिल २०२४, पाडवा

ति. ताई,

आज गुढी उभारली आणि पहिलं काम हे करतो.

चाळीस दिवस झाले, मावा खाल्ला नाही. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की लोक रोज विचारतात आणि विचारलं की खावासा वाटतो. पहिले आठ दिवस फार वाईट गेले. प्रेसवर लक्ष लागेना, लाइनमधल्या धनेशवर विनाकारण ओरडलो. घरात ताट आपटलं. विजयश्री एक शब्द बोलली नाही, मला वाटलं हिला पत्ताच नाही. तलफ आली की जिने चढायचो. सुपरवायझरला वाटलं मला काहीतरी झालंय.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. जानेवारीत डॉक्टरनं तोंड बघितलं होतं. दोनच बोटं जात होती. तुला लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघ, मी सांगत नव्हते? म्हणून लिहिलं नाही. पण त्या पहिल्या पत्रानंतर चार महिन्यांत तू एकदाही माव्याचं नाव काढलं नाहीस. नुसती मोर विचारत राहिलीस. मग लपवण्यातही मजा राहिली नाही. डॉक्टरनं तोंडाचे व्यायाम दिलेत. आता अडीच बोटं जातात. आज सगळ्यांसमोर अख्खी पुरणपोळी घडी करून खाल्ली.

ताई, आता तरी फोन उचल. भाऊबीजेला जे बोललो ते परत घ्यायचंय आणि ते लिहून घेता येत नाही. तुझा आवाज ऐकायचाय. रविवारी दहा वाजता लावतो. रेंज नसली तर ओट्यावर येऊन उभी राहा.

तुझा,
ज्योती


दिघी
३ मे २०२४

ताई,

दवाखान्यात दोन तास तुझ्या खाटेशी बसलो आणि एक शब्द बोललो नाही, म्हणून लिहितोय.

त्या रविवारी अकरा वेळा फोन लावला. पुढच्या रविवारी पण लावला. मग रजा टाकून गावी आलो. दाराला कुलूप. चतुराकाकू ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. मी विचारलं, "ताई कुठं गेली?" त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. म्हणाल्या, "तुला न्हाई म्हाईत?" त्यानंतर काय म्हणाल्या ते मला आठवत नाही.

वॉर्डात मी तुझ्या खाटेवरून पुढं निघून गेलो होतो. तुला ओळखलं नाही मी, ताई. मैत्रीनं मागून हाक मारली तेव्हा वळलो. तू पदर वर घेतलास, तोंड झाकायला. माझ्यापासून. मी चार वर्षांचा असताना माझा शेंबूड पुसलेला तुझा पदर.

सगळ्यांनी मिळून मला येड्यात काढलं. विजयश्रीला माहीत होतं. ती रडत म्हणाली, वन्संनी शपथ घातली होती. मी पाडव्याला पुरणपोळी खात होतो आणि तू नळीतून दूध घेत होतीस.

आणखी एक. दर भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटात साडीवर मिश्रीच्या तंबाखूचा पुडा कोण ठेवायचं? मीच. भोसरीतल्या एका दुकानात तुझ्या आवडीची मिळायची, मुद्दाम वाकडी वाट करून आणायचो. वीस वर्षं. तू माझ्या पुड्या मोरीत ओतल्यास त्याच दिवशी सकाळी तुझा पुडा मी ताटात ठेवला होता. तू तो कपाळाला लावून पिशवीत ठेवलास.

बार्शीच्या स्टँडवर मी तीन मावे घेतले. तिन्ही खाल्ले. तुझ्यावर राग होता म्हणून खाल्ले, की माझ्यावर, ते कळलं नाही. अठ्ठावन्न दिवसांचं सगळं गेलं. हे तुला का सांगतोय ते पण माहीत नाही.

रेडिएशनचा लाइट घ्यायचं संपलं की तुला इकडं आणणार आहे. नाही म्हणू नकोस. म्हणता येत नाही, तरी मानेनं पण म्हणू नकोस.

ज्योती


[दिघीच्या घरात, निशिगंधाच्या वहीच्या कागदांवर लिहिलेल्या चिठ्ठ्या]

१२ जून

ज्योती, तू शिफ्टवरून आलास की माझ्यासमोर बसतोस आणि जमिनीकडं बघतोस. माझ्याकडं बघ. भीती वाटत असेल तर उजवी बाजू बघ, ती अजून जुनीच आहे.

१२ जून

बघतो. तू पण पदर घेऊ नकोस मग.

१९ जून

मानेत परत गाठ आली ती डॉक्टरांनी सांगायच्या आधीच माझ्या हाताला लागली होती. आता आणखी कापाकापी नको. विजयश्रीला सांग, पेज गाळताना एवढी रडू नकोस, खारट होते.

२ जुलै

ताई, आज परत खाल्ला. एकच. कंपनीच्या गेटवर. आता लपवायचं नाही, म्हणून सांगितलं.

२ जुलै

बरं केलंस. ये, बस. खाल्लास तर खाल्लास, मला येऊन सांगत जा. मी गणपतीपासून डिसेंबरपर्यंत लपवलं. तेवढ्या दिवसांत त्या फोडाचं जे व्हायचं ते झालं. मिश्रीनं मारलं म्हणतील लोक. अर्धं मला लाजेनं मारलं. अंगणवाडीताईच्याच तोंडाला झालं असं बाया म्हणतील, याची लाज.

७ जुलै

बबनराव आले होते तू कामावर असताना. तीन मजले चढून. माझ्याकडं बघून तोंड फिरवलं नाही त्यांनी. म्हणाले, "ताई, तुमचा भाऊ लई बडबड्या हाय. वर आला की बहिणीचं गाणं सुरू." मग चहा पिऊन गेले. चांगला माणूस.

२८ जुलै

पाऊस थांबला तर उद्या टेकडीवर जा. मी गॅलरीत बसते. विजयश्री पिवळी चादर वाळत घालणार आहे. तू वरून बघ, मी खालून बघते.

२८ जुलै

जातो.

९ ऑगस्ट

ज्योती, चतुराबाई एकटी पडली. तिला मिश्री सोड म्हणू नको, काही म्हणू नको. नुसतं लिहीत जा. हात दुखतो, बास.


दिघी
५ सप्टेंबर २०२४

श्रीमती चतुराकाकूंना ज्योतीरामचा नमस्कार.

तुम्हाला फोनवर ताई गेल्याचं कळवलं, पण कशी गेली ते सांगता आलं नव्हतं. मैत्रीताई हे वाचून दाखवतील.

एकवीस ऑगस्टला सकाळी सात वाजता. माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणून मी घरी होतो. विजयश्रीनं तिचं तोंड पुसलं, निशिगंधा उशाशी होती. ताईनं हात पुढं केला. मला वाटलं कागद मागते, म्हणून वही दिली. तिनं वही बाजूला सारली आणि माझा हात धरला. पाच-सहा मिनिटं असेल. मग सुटला. मी तसाच धरून बसलो होतो, निशिगंधा म्हणाली, "पप्पा, सोडा आता."

तिचं इथंच केलं. तुम्हाला पोचायला झालं नसतं, आणि तुम्ही तिला त्या रूपात बघू नये असं तिलाही वाटायचं. रागावू नका.

ताई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी परत मावा खायला लागलो. अकरा दिवस खाल्ला, रोज. घरात कुणी काही म्हणालं नाही. सांगायला जावं तर ताई नाही. मग एका सकाळी बबनरावांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं. उद्या काय करतू ते उद्या सांग." तेवढंच. आज चौथा दिवस आहे, खाल्ला नाही. उद्याचं उद्या.

काकू, तुम्ही दोघी तीस वर्षं रोज सकाळी ओट्यावर बसायचात. आता तुमची सकाळ कशी जाते? मला दुसरं काही विचारायचं नाही.

ज्योतीराम


करंजवाडी
१६ सप्टेंबर २०२४
(चतुराबाई सांगतात तसं लिहिलं आहे. मैत्री.)

ज्योती बाबा,

तुजी चिट्टी मैत्रीनं वाचली. मी म्हनलं परत वाच. मग म्हनलं आता ठिव.

सकाळ कशी जाती विचारलंस. कुनीच विचारलं न्हाई आजवर. मी उठती, चूल पेटवती, मिश्री भाजती, डबा घिऊन ओट्यावर येती. इंदूची जागा रिकामी ठिवती, तिकडं सरकत न्हाई. जिनं तिचा जीव घेतला ती मिश्री मी तिच्या जागंशेजारी बसून लावती. ती गेल्याचा तू फोन केलास त्या दिवशीबी लावली. लोक म्हनले, ह्या बाईला काळीज न्हाई. आरं, मला कळंना की इंदू न्हाई तर सकाळ सुरू कुटनं करायची. हात आपला आपनच डब्यात गेला.

ती आजारी हाय हे मला लई उशिरा कळलं. रोज हाताहाताच्या अंतरावर बसायचो आमी. ती डाव्या गालावर बोट न्हेत न्हवती, मी बगितलं हुतं. इचारलं न्हाई. तिनं सांगितलं न्हाई. तिला वाटलं मी हसंन, मला वाटलं तिला राग यील.

सगळे मला सांगत्यात, सोड. सरपंच सांगतो, जावई सांगतो, दवाखान्यातली बाई सांगती. सोड म्हनलं की मी तोंड मिटती. तू न्हाई म्हनलास. म्हनून तुला सांगती, दुसऱ्या कुनाला न्हाई. मैत्रीला आत्ताच कळतंय, लिहिता लिहिता रडती ती, म्हनून अक्षर फिसकाटलंय.

माज्या उजव्या गालात आत पांढरा चट्टा हाय. शिमग्यापासनं. चटणी खाल्ली की आग हुती. बोट लावलं की खरखरीत लागतं. इंदूचंच चाललं हुतं, तिला कसं सांगायचं? मग ती गेली. मग वाटलं, चला, आपनबी जाऊ तिच्या मागं, काय बिघडलं.

पर तू सकाळ कशी जाती विचारलंस आन् मला जगावंसं वाटलं. ह्या वयात. लाज वाटती सांगायला.

मला भ्या वाटतं रं ज्योती.

चतुरा


दिघी
१९ सप्टेंबर २०२४

चतुराकाकू,

पत्र आत्ता मिळालं. उभ्या उभ्या लिहितोय, विजयश्री आत्तापासूनच पिशवी भरते आहे. रजा टाकली. मैत्रीताईंच्या फोनवरही कळवलंय, पण तुम्हाला कागद हातात असलेला आवडतो म्हणून हे.

चट्टा म्हणजे ताईचं होतं तेच असं नाही. डॉक्टर बघतील, मग कळेल. ताईबरोबर घरचं कुणी नव्हतं त्या दवाखान्यात. तुम्हाला एकटीला जाऊ देणार नाही. खाटेवरून पुढं निघून जाणार नाही या वेळी.

सोमवारी सकाळी पोचतो. तोपर्यंत काही सोडू नका, काही धरू नका. ओट्यावर बसा. मी येतो.

ज्योती